ग्रंथाचे प्रामाण्य आणि कायद्याचे बळ

वैद्यकाच्या अध्ययनात आपण सर्वजण आप्तोपदेशाला प्रमाण मानत आलो आहोत. चरक, सुश्रुत, वाग्भट यांनी सांगितलेला योग ग्राह्य मानण्यासाठी आपणांस कोणाच्या अनुमतीची आवश्यकता वाटत नाही. परंतु तोच योग बाटलीत भरून, तिला लेबल लावून विक्रीस ठेवला, की प्रामाण्याचा प्रश्न निराळ्या अंगाने उभा राहतो. योग कोणत्या ग्रंथातील, तो ग्रंथ कायद्याने मान्य केलेला आहे काय, आणि ती मान्यता आज अस्तित्वात आहे काय, असे तीन प्रश्न औषध निरीक्षक विचारू शकतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण सहज देतो. दुसऱ्याचे उत्तर शोधून देतो. तिसरा प्रश्न मात्र बहुतेकांच्या मनातही येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका वैद्यराजांनी आपल्या वडिलांच्या हस्तलिखित वहीतील एका चूर्णासाठी शास्त्रोक्त औषध म्हणून परवान्याचा अर्ज केला. वहीत त्या पाठाखाली एका जुन्या छापील ग्रंथाचे नाव होते. अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा होता : संदर्भग्रंथ पहिल्या अनुसूचीत समाविष्ट नाही. वैद्यराज व्यथित झाले. "तीन पिढ्या रुग्णांना दिलेले औषध आता खोटे ठरले काय?" असे त्यांनी आम्हांस विचारले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

ग्रंथ कायद्यात कसा प्रवेश करतो

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० सालचा असला, तरी आयुर्वेदीय औषधांचे स्वतंत्र प्रकरण त्यात १९६४ च्या दुरुस्तीने आले. त्याच वेळी पहिली अनुसूची जोडली गेली. कलम ३ च्या खंड (ए) प्रमाणे, पहिल्या अनुसूचीत नमूद केलेल्या अधिकृत ग्रंथांत वर्णिलेल्या पाठांनुसारच तयार केलेले औषध ते आयुर्वेदीय औषध होय. अनुसूचीत चरक संहिता, सुश्रुत संहिता, अष्टांग हृदय व शार्ङ्गधर संहिता आहेत. भैषज्य रत्नावली, भावप्रकाश व रसतरंगिणी आहेत. तसेच महाराष्ट्रातील वैद्यांच्या कपाटात हमखास आढळणारे आर्यभिषक्, निघंटु रत्नाकर आणि योगरत्नाकर हेही आहेत. मूळ यादीत पुढे 'आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' व 'आयुर्वेद सार संग्रह' यांसारख्या ग्रंथांची भर पडली.

अनुसूची केवळ शास्त्रोक्त योगांपुरतीच महत्त्वाची आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. पेटंट अथवा प्रोप्रायटरी आयुर्वेदीय औषधाची व्याख्या कलम ३ च्या खंड (एच) मध्ये आहे. तेथेही घटकद्रव्ये अनुसूचीतील ग्रंथांच्या पाठांत उल्लेखिलेलीच असावी लागतात. म्हणजे नवा योग आपण आपल्या बुद्धीने सिद्ध केला, तरी त्यातील प्रत्येक द्रव्याची ओळख पटवून देण्यासाठी याच ग्रंथांकडे जावे लागते. औषधनिर्मितीचा सारा व्यवहार अशा प्रकारे कायद्याबाहेर लिहिल्या गेलेल्या ग्रंथांवर उभा आहे.

येथे एक गोष्ट मनात पक्की करावी. चरक संहिता हा कायदा नव्हे. कायदा आहे तो तिचा नामनिर्देश करणाऱ्या वाक्यात. ग्रंथाचे शास्त्रीय प्रामाण्य त्याचे स्वतःचे असते. कायदेशीर बळ मात्र त्या वाक्याकडून उसने घेतलेले असते. म्हणून ग्रंथाचे एकही अक्षर न बदलता त्याचे कायदेशीर बळ जाऊ शकते. उलटपक्षी, विद्वानांनी जुना ठरवलेला पाठही ते वाक्य जागेवर असेपर्यंत कायद्याने बांधून ठेवतो.

निर्देशाचे दोन प्रकार

तंत्रयुक्तींचा अभ्यास केलेल्या वाचकांस हा विषय अपरिचित वाटू नये. सुश्रुताने सांगितलेल्या बत्तीस तंत्रयुक्तींत अतिक्रान्तावेक्षण आणि अनागतावेक्षण या दोन आहेत. मागे सांगून झालेल्याकडे निर्देश करणे ही पहिली, आणि पुढे सांगितले जाणार आहे त्याकडे निर्देश करणे ही दुसरी. कायद्यातील बाह्य दस्तऐवजांचे निर्देशही असेच दोन प्रकारचे असतात.

पहिल्या प्रकारात कायदा बाहेरील मजकूर त्या दिवशी जसा आहे तसा उचलून आपल्या अंगात घेतो. यास अंतर्भाव म्हणता येईल. मूळ मजकुरात नंतर कितीही फरक पडला, तरी अंतर्भूत केलेला मजकूर बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९७४ चा बोलानी ओअर्स प्रकरणातील निर्णय या विषयी नेहमी सांगितला जातो. बिहार व ओरिसाच्या एका करकायद्यात 'मोटार वाहन' ही व्याख्या मोटार वाहन कायद्यातून घेतलेली होती. मोटार वाहन कायद्यातील व्याख्या १९५६ साली बदलली. पण करकायद्यात जुनीच व्याख्या चालू राहते, असे न्यायालयाने ठरवले. घेणाऱ्याने घेतले त्या दिवशीचेच रूप त्याच्याकडे उरले.

दुसऱ्या प्रकारात कायदा बाहेरील दस्तऐवजाकडे केवळ बोट दाखवतो. दस्तऐवज बदलला की बोट दाखवलेली वस्तूही बदलते. यास निर्देश म्हणू. 'त्या त्या वेळी अंमलात असलेली आवृत्ती' असे शब्द आढळले, की हा दुसरा प्रकार समजावा. नियमावलीतील नियम १६८ हे याचे आपल्या व्यवसायातील ठळक उदाहरण आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियात समाविष्ट असलेल्या औषधांची ओळख, शुद्धता व वीर्य यांची मानके त्या त्या वेळी अंमलात असलेल्या आवृत्तीप्रमाणे असावीत, असे तो नियम सांगतो.

त्याच नियमात एक उलट उदाहरणही आहे. आसव व अरिष्ट यांत स्वयंनिर्मित मद्यार्काची कमाल मर्यादा १२ टक्के, हा आकडा नियमानेच लिहिला आहे. तो कोणत्याही ग्रंथातून येत नाही. म्हणून फार्माकोपियाची नवी आवृत्ती निघाली तरी तो आपोआप हलत नाही. त्यात फरक करायचा तर केंद्र शासनाची अधिसूचनाच लागते. एकाच नियमाच्या दोन ओळींत अशा दोन निराळ्या प्रकृती नांदत असतात, हे ध्यानात ठेवावे.

बळ जाण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग अनुसूचीच्या दुरुस्तीचा. कलम ३३-ओ अन्वये केंद्र शासन पहिल्या अनुसूचीत भर घालू शकते किंवा अन्य प्रकारे तीत बदल करू शकते. मात्र त्यासाठी तांत्रिक सल्लागार मंडळाशी विचारविनिमय करावा लागतो आणि किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना राजपत्रात द्यावी लागते. हे तीन महिने आपल्यासाठी आहेत. उद्या एखादा ग्रंथ वगळण्याचा विचार झाला, तर त्या ग्रंथावर आधारलेले योग खंड (ए) मधून बाहेर पडतील. शिवाय जे द्रव्य केवळ त्याच ग्रंथात उल्लेखिलेले आहे, ते खंड (एच) साठीही निराधार होईल. संघटनांनी आणि औषधनिर्मात्यांनी आक्षेप नोंदवायचा तो याच काळात. अंतिम अधिसूचना निघाल्यानंतर केलेला शोक व्यर्थ ठरतो.

दुसरा मार्ग नव्या आवृत्तीचा. निर्देश 'त्या त्या वेळच्या' आवृत्तीकडे असेल, तर नवी आवृत्ती अंमलात येताच जुनीचे बळ संपते. येथे कोणी काही रद्द केल्याची घोषणा करीत नाही. कपाटातील जुना खंड तसाच राहतो, त्याची पाने तीच राहतात. परंतु तो आता केवळ संदर्भासाठी उरतो. नव्या आवृत्तीत एखाद्या द्रव्याचे प्रकरणच गाळले गेले तर काय, असा प्रश्न येतो. इंडियन फार्माकोपियाच्या बाबतीत अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने याची तरतूद केली आहे : चालू आवृत्तीत मानक नसेल व लगतच्या आधीच्या आवृत्तीत असेल, तर ते आधीचे मानक लागू होते. यावरून असे दिसते की, जुन्या आवृत्तीला उरलेले थोडे आयुष्यसुद्धा कायद्याच्या स्पष्ट शब्दांनीच मिळते. जेथे असे शब्द नाहीत तेथे ते गृहीत धरू नये.

तिसरा मार्ग अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यात दस्तऐवज ज्या कायद्याचा भाग होता तो कायदाच जातो. नियम १६९ पाहा. आयुर्वेदीय औषधांत वापरावयाची परिरक्षके, स्वादद्रव्ये व इतर साहाय्यक द्रव्ये कोणती, हे ठरवताना त्या नियमाने इंडियन फार्माकोपिया, अन्नभेसळ प्रतिबंध अधिनियम १९५४ आणि भारतीय मानक ब्यूरो अधिनियम १९८६ यांचा आधार घेतला. यांपैकी अन्नभेसळ प्रतिबंध अधिनियम ५ ऑगस्ट २०११ पासून निरसित झाला व त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ ने घेतली. मानक ब्यूरोचा १९८६ चा कायदाही गेला. २०१६ चा नवा कायदा १२ ऑक्टोबर २०१७ पासून अंमलात आला. मग सिरपमध्ये परिरक्षक घालणाऱ्या निर्मात्याने कोणत्या कायद्याकडे पाहावे?

याचे उत्तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ८ मध्ये आहे. एखादी तरतूद निरसित करून तिच्या जागी फेरफारासह वा फेरफाराविना नवी तरतूद केली असेल, तर इतर कायद्यांतील व दस्तऐवजांतील जुन्या तरतुदीचा उल्लेख नव्या तरतुदीचा उल्लेख म्हणून वाचावा, असे ते कलम सांगते. वेगळा हेतू दिसत असेल तेथे मात्र ते लागू होत नाही. म्हणून १९५४ च्या कायद्याचे नाव पाहून नियम १६९ निर्जीव झाला असे समजू नये, आणि १९५४ च्या कायद्याखालील जुनी परिशिष्टे अजून जिवंत आहेत असेही समजू नये. २००६ च्या कायद्याच्या कलम ९८ ने जुनी अन्नमानके नवी मानके ठरेपर्यंत चालू ठेवली होती. नवी मानके आली तसतशी ती तात्पुरती सोय आटोपली. एखादे परिरक्षक पूर्वीच्या परिशिष्टात होते एवढ्यावर आज विसंबणे धोक्याचे आहे.

येथे एक सूक्ष्म भेद सांगणे अगत्याचे वाटते. कलम ८ हे निरसित कायद्यांसाठी आहे. ग्रंथाची नवी आवृत्ती निघणे म्हणजे कायद्याचे निरसन नव्हे. त्यामुळे एखाद्या वाक्यात विशिष्ट आवृत्तीचा किंवा विशिष्ट भागाचाच निर्देश असेल, तर पुढील आवृत्ती वा पुढील भाग कलम ८ च्या बळावर आत येत नाही. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीचा पहिला भाग १९७८ साली ४४४ योगांसह प्रसिद्ध झाला, दुसरा २००० साली १९१ योगांसह आणि तिसरा २०११ साली ३५० योगांसह. भाग पुढे येत गेले, म्हणून पहिल्या भागाचे नाव घेणाऱ्या वाक्यात ते आपोआप मावत नाहीत. अनुसूचीचे शब्द त्यांना सामावून घेणारे आहेत काय, हे पाहूनच पाऊल टाकावे.

चौथा मार्ग खरे पाहता मार्गच नाही; पण त्याने पुष्कळांची दिशाभूल होते. तो म्हणजे परिपत्रक किंवा कार्यालयीन पत्र. नियम १७० चा इतिहास याबाबत बोलका आहे. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींवर पूर्वपरवानगीचे बंधन घालणारा हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये घातला गेला. २९ ऑगस्ट २०२३ रोजी आयुष मंत्रालयाने राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांना पत्र पाठवून या नियमाखाली कारवाई करू नये असे कळवले. अनेकांनी नियम संपला असे मानले. वास्तविक नियम पुस्तकात तसाच होता. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राबद्दल शासनास जाब विचारला. पुढे १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने नियम वगळण्यात आला, २७ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली काढले. या घडामोडींतून घ्यावयाचा बोध एवढाच की, नियम अधिसूचनेने येतो आणि अधिसूचनेनेच जातो. पत्राने अंमलबजावणी थांबल्यासारखी भासली, तरी नियमाचे बळ पत्राच्या हाती नसते. ज्याच्या बळावर जाहिरात छापली ते पत्र मागे घेतले गेले, तर छापणारा उघडा पडतो.

बळ गेल्यानंतर काय उरते

कायदेशीर बळ गेले म्हणजे पूर्वीचे सर्व व्यवहार बेकायदा ठरतात काय, अशी धास्ती काही औषधनिर्मात्यांनी आमच्याकडे व्यक्त केली आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) प्रमाणे, कृत्य घडले त्या वेळी अंमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच शिक्षा देता येते. तेव्हा त्या वेळच्या मानकाप्रमाणे प्रामाणिकपणे तयार केलेल्या घाण्याचा कागदोपत्री पुरावा जपून ठेवणे हेच खरे संरक्षण होय. घाण्याची नोंदवही, कच्च्या द्रव्याचा तपासणी अहवाल आणि त्या दिवशी कोणती आवृत्ती वापरली याची नोंद, ही तीन कागदपत्रे एकत्र असावीत.

याउलट, नियम गेला म्हणजे जुन्या कारवाया आपोआप चालू राहतात, असेही नाही. जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम ६ अधिनियमाच्या निरसनानंतर जुने हक्क, दायित्वे व कार्यवाही यांचे रक्षण करते. परंतु नुसता नियम वगळला गेल्यास या कलमाचा आधार मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली कोल्हापूर केनशुगर वर्क्सच्या प्रकरणात म्हटले. म्हणून वगळणाऱ्या अधिसूचनेत जुन्या गोष्टींविषयी काही राखून ठेवले आहे काय, ते वाचणे आवश्यक ठरते. अधिसूचनेचा शेवटचा परिच्छेद आपण सहसा वाचत नाही. पुष्कळदा प्रकरणाचा निकाल त्याच परिच्छेदात दडलेला असतो.

आचरणात आणावयाच्या गोष्टी

शास्त्रोक्त औषधाच्या लेबलवर आधारग्रंथाचा निर्देश असावा लागतो. तो नुसत्या ग्रंथनामाने न थांबता, स्थान, अध्याय व वापरलेल्या मुद्रित प्रतीचे वर्ष आपल्या दप्तरी तरी लिहून ठेवावे. च्यवनप्राशाचा पाठ चरक संहितेत आहे, अष्टांग हृदयात आहे आणि शार्ङ्गधर संहितेतही आहे. तो सर्वत्र अक्षरशः एक नाही. आपण कोणता घेतला हे सांगता न आल्यास, पाठ शास्त्रोक्त असूनही बाजू लंगडी पडते.

शक्य असेल तेथे योगाला दोन आधार शोधून ठेवावेत. एखादा योग अनुसूचीतील प्राचीन ग्रंथातही आहे आणि फॉर्म्युलरीतही आहे, असे दिसल्यास दोन्हींची नोंद करावी. एक आधार निखळला तरी दुसरा राहतो. दर तिमाहीस अनुसूची व नियम यांत झालेले बदल राजपत्रावरून पडताळावेत. दुकानात मिळणाऱ्या नियमपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरील वर्षावर भरवसा ठेवू नये. आणि कोणतेही पत्र हाती आले, तर ते कोणत्या कलमाच्या वा नियमाच्या अधिकारात काढले आहे हे प्रथम पाहावे. तसा उल्लेखच नसेल, तर त्यास सूचना समजावे, कायदा समजू नये.

आता आरंभी उल्लेखिलेल्या वैद्यराजांकडे वळू. त्यांच्या वडिलांच्या वहीला कायद्याने खोटे ठरवलेले नाही. आपल्या स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला कलम ३३-ईईसी मधील निर्मितिविषयक निर्बंध लागू होत नाहीत, असे त्या कलमाचे परंतुकच सांगते. ते चूर्ण ते आपल्या रुग्णांना पूर्वीप्रमाणे देऊ शकत होते. बाजारात आणावयाचे, तर मार्ग खंड (एच) चा होता : चूर्णातील प्रत्येक द्रव्य अनुसूचीतील कोणत्या ना कोणत्या ग्रंथात सापडते हे दाखवून, नियम १५८-बी नुसार लागणारे सुरक्षितता व परिणामकारकतेचे पुरावे जोडून, प्रोप्रायटरी औषध म्हणून अर्ज करावयाचा. आम्ही त्यांच्यासमवेत बसून द्रव्यांची यादी केली. सातही द्रव्ये भावप्रकाशात व शार्ङ्गधर संहितेत मिळाली. वहीतील ज्या ग्रंथनामावर अर्ज अडला होता, त्याची गरजच उरली नाही.

शास्त्र पिढ्यांनी टिकवले आहे आणि ते टिकेल. परंतु त्या शास्त्रावर जगणाऱ्या औषधालयाचा परवाना एका वाक्यावर अवलंबून असतो. ते वाक्य आज काय म्हणते, कोणत्या आवृत्तीचे नाव घेते आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे जाणून घेणे हा आता व्यवसायाचाच भाग झाला आहे. द्रव्य पारखून घेण्याची सवय आपणांस गुरूंनी लावली. तीच सवय अधिसूचनेच्या कागदालाही लावावी, एवढीच वैद्यबंधूंना व औषधालयचालकांना आमची विनंती आहे.